सोसणे आणि लपवणे



गेल्या उपवासकाळात चौथ्या रविवारनंतर मी तुम्हांला वेदीवर दिसलो नाही. "फादरांची तब्येत बरी नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करा," एवढेच सहायक धर्मगुरूंनी मिस्सानंतर सांगितले, आणि तेही माझ्याच सांगण्यावरून. मग कुणी कावीळ म्हटले, कुणी हृदयविकार. माझी बदली झाल्याची बातमीही एक-दोन घरी पोहोचली होती. तुम्ही प्रार्थना केलीत, शहाळी पाठवलीत, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी रंगीत कागदांवर पत्रे लिहिली. त्याबद्दल मी ईस्टरनंतर आभार मानलेच. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती आज सांगतो, कारण तिच्यातून एक प्रश्न निघतो आणि तो माझ्या एकट्याचा नाही.

प्रश्न असा : दुःख मुकाट्याने सोसणे हा नेहमीच सद्गुण असतो का?

माझा आजार मोठ्या आतड्याचा आहे. त्याचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. नाताळ आटोपल्यावर काही दिवसांनी मला शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली. मी मनाशी म्हटले, मूळव्याध असेल, खुर्चीत बसून बसून झाली असेल. मग आव थांबवण्याच्या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून स्वतःच मागून घेतल्या. चार दिवस बरे वाटले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सांधे दुखू लागले तेव्हा वेदनाशामक गोळ्या घेतल्या. अशा गोळ्यांनी हा आजार भडकू शकतो हे मला नंतर कळले. राखेच्या बुधवारपर्यंत दिवसातून सहा-सात वेळा जावे लागत होते. रात्री दोनदा-तीनदा उठणे ठरलेले. प्रवचन लहान होऊ लागले ते तुम्हांला आवडले, पण त्याचे कारण माझे आध्यात्मिक चिंतन नव्हते. पंचेचाळीस मिनिटे उभे राहता येईल की नाही याचा हिशेब मी वेदीवर चढण्यापूर्वी करत असे.

माझे वजन आठ किलोंनी उतरले. एके सकाळी चर्चच्या दारात एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "फादर, यंदा उपवास भारी कडक धरलात हो!" मी हसलो, मान लववली आणि त्यांना आशीर्वाद दिला.

ती मान लववणे मला आजही सलते. मी शब्दाने खोटे बोललो नव्हतो. पण जे पुण्य माझे नव्हते ते मी माझ्या खात्यावर जमा होऊ दिले. आणि मनात मात्र मी स्वतःला समजावत होतो की, हे दुःख मी प्रभूच्या दुःखसहनात मिसळतो आहे. खरे कारण वेगळे होते. मला लाज वाटत होती. डोके दुखते, छाती दुखते हे सांगताना कुणाला काही वाटत नाही. पण शौच, रक्त, वास आणि धावाधाव यांविषयी धर्मगुरूने कुणाकडे बोलावे? त्या लाजेला मी 'सोसणे' असे सुंदर नाव दिले होते.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकवले होते. लाजेविषयी त्याने केलेला विचार मी परीक्षेत लिहिला होता आणि त्याला गुणही मिळाले होते. त्याच्या मते लाज हा पुरा सद्गुण नव्हे, ती एक भावना आहे. माणसाने स्वेच्छेने काही वाईट केले असेल तर तिला अर्थ असतो. त्याच ग्रंथात तो दुसऱ्या ठिकाणी म्हणतो की, जन्माने किंवा आजाराने आंधळा झालेल्या माणसाला कुणी दोष देत नाही, त्याची सर्वांना दयाच येते. दोष लागतो तो मद्याच्या व्यसनाने दृष्टी घालवणाऱ्याला. म्हणजे जे आपण केले नाही त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. इतकी साधी गोष्ट. वीस वर्षांपूर्वी पाठ केलेली ही गोष्ट माझ्या पोटापर्यंत पोहोचली नव्हती.

उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात एका रात्री मी चौदा वेळा उठलो. पहाटे न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला धरून खाली बसलो. सहायक धर्मगुरूंनी मला उचलून आपल्या भागातील डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सरळ विचारले, "रक्त किती पडते? रात्री उठावे लागते का? ताप येतो?" त्याही अवस्थेत माझ्या तोंडून निघाले, "थोडेसे." त्यांनी मनगट हाती घेतले. नाडीचे ठोके मिनिटाला ११२ होते. अंगात १०१ ताप होता. दुपारी रक्ताचा अहवाल आला, त्यात हिमोग्लोबिन ८.४ निघाले. डॉक्टर मृदू आवाजात म्हणाले, "फादर, तुम्ही थोडे म्हणता, पण तुमचे शरीर तसे म्हणत नाही."

हा आजार किती तीव्र आहे हे ओळखण्याचे एक साधे मोजमाप ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी ऑक्सफर्ड येथे १९५५ साली मांडले. ते आजही वापरले जाते. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि जोडीला ताप, नव्वदच्या वर नाडी, साडेदहाहून कमी हिमोग्लोबिन किंवा रक्तातील ईएसआर तीसच्या वर, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी रुग्णाला रुग्णालयात दाखल केले पाहिजे. माझ्याकडे एकाहून अधिक लक्षणे होती. त्याच दिवशी मला मुंबईतील एका रुग्णालयात हलवले.

तिथे पहिल्यांदा मला माझ्या आजाराची ओळख करून देण्यात आली. या आजारात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर उलटते. गुदाशयापासून सूज सुरू होते आणि सलग वर चढत जाते. अस्तराला जखमा होतात, त्यांतून रक्त येते. हा आजार संसर्गजन्य नाही. तो कुणाच्या पापाने, कुणाच्या नजरेने किंवा एखाद्या दिवशीच्या खाण्याने होत नाही. पण आपल्याकडे आमांश, जंतूंचा अतिसार आणि आतड्याचा क्षयरोगही असतो, त्यामुळे निदान डोळे मिटून करता येत नाही. माझ्या शौचाची तपासणी झाली. आतडे फुगले आहे का हे पाहण्यासाठी पोटाचा एक्स-रे काढला. दुर्बिणीने आतड्याचा फक्त खालचा भाग पाहिला, कारण इतकी सूज असताना दुर्बीण वरपर्यंत नेण्यात आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. तिथूनच अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले.

मग शिरेवाटे स्टिरॉइड सुरू झाले. हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन दिवसातून चार वेळा. जोडीला रक्त पातळ ठेवण्याचे इंजेक्शनही आले, तेव्हा मी घाबरून विचारले, "माझे रक्त आधीच वाहते आहे, ते आणखी पातळ का करता?" डॉक्टरांनी सांगितले की आतड्याला इतकी सूज असली की पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. मी गप्प बसलो. वरवर उलटे दिसणारे उपचारही समजून घेतले तर योग्य असतात.

माझ्या खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवला होता. किती वाजता शौचाला झाले, रक्त होते का, किती होते, हे प्रत्येक वेळी त्यात लिहायचे. दुसऱ्या रात्री तीन वाजता मी उठलो आणि कुणाला कळण्याआधी पाणी ओतून मोकळा झालो. तक्त्यात काही लिहिले नाही. एक वेळ कमी दिसेल, सकाळी डॉक्टर खूश होतील, असा बालिश विचार मनात होता. वॉर्डातील मावशींच्या लक्षात आले. त्या म्हणाल्या, "फादर, पाणी ओतू नका. मला बघू द्या, लिहायचं असतं ते. आम्हांला घाण नाही वाटत. घाण वाटली असती तर हे काम केलंच नसतं." एवढे बोलून त्यांनी माझ्या हातातला मग काढून घेतला.

मी अनेकांची पापनिवेदने ऐकली आहेत. लोक पाप सांगताना आकडा कमी करतात, 'थोडेसे' म्हणतात, मुख्य गोष्ट शेवटी घाईने उरकतात, हे मला ठाऊक आहे. त्या रात्री मी स्वतः तेच करत होतो, आणि तेसुद्धा पाप नसलेल्या गोष्टीबाबत. पहाटे मी नर्सला बोलावून तीन वाजताची नोंद करायला लावली.

ती नोंद किती मोलाची होती हे तिसऱ्या दिवशी समजले. तीव्र अवस्थेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णांना स्टिरॉइडने पुरेसा गुण येत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी पाहतात : दिवसातून किती वेळा जावे लागते, आणि रक्तातील सूज दाखवणारा सीआरपीचा आकडा किती आहे. दोन्ही उतरले नसतील तर वाट पाहणे धोक्याचे असते. आतडे फुगते, फाटू शकते. पुढचा निर्णय त्या तक्त्यावरून होणार होता. मी दोन-चार वेळा पाणी ओतून मोकळा झालो असतो तर डॉक्टरांना मी सुधारत असल्याचे दिसले असते आणि मी आतून हरत गेलो असतो.

मी सुधारत नव्हतो. डॉक्टरांनी पुढचे मार्ग समजावले. इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन यांपैकी एक औषध, आणि त्यानेही न भागल्यास मोठे आतडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. त्याच संध्याकाळी शल्यविशारद आले आणि शस्त्रक्रिया करावी लागलीच तर लहान आतड्याचे तोंड कुठून बाहेर काढावे लागेल ती जागा त्यांनी माझ्या पोटावर पेनाने खूण करून ठेवली. तिथे पिशवी लावावी लागते. ती खूण पाहत मी रात्रभर जागा होतो.

वाटले, देवाने दिलेले शरीर असे तोडू द्यावे का? इतका खटाटोप करून जगावे का? ज्या गोष्टी मी तरुणांना शिकवत आलो त्या आता मला स्वतःला शिकवाव्या लागल्या. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, अवयव हा संपूर्ण शरीरासाठी असतो. तो सडून संपूर्ण शरीराला धोका होत असेल तर त्या माणसाच्या संमतीने तो काढणे योग्य आहे. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात सांगितले की, जीव आणि आरोग्य राखण्यासाठी आवश्यक ते उपचार घेणे हे माणसाचे कर्तव्य आहे, मात्र स्वतःवर किंवा इतरांवर अतिशय जड ओझे टाकणारे उपाय करायला तो बांधील नाही. मी स्वतःला विचारले, माझ्यापुढचा उपाय असे अतिशय जड ओझे आहे का? प्रामाणिक उत्तर होते, नाही. जड होता तो माझा अभिमान. शेजारच्या खोलीत विशीतला एक मुलगा होता, त्याची शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला होता. त्याची आई दारात उभी राहून मला म्हणाली, "पिशवीचं काय एवढं? पोरगा काल पोटभर जेवला."

मी संमतीपत्रावर सही केली. इन्फ्लिक्सिमॅब देण्याआधी क्षयरोग शरीरात दडून बसलेला नाही ना, याची तपासणी झाली, कारण या औषधाने तो जागा होऊ शकतो. सलाईनमधून दोनेक तासांत औषध गेले. चौथ्या दिवशी तक्त्यातील आकडा पाचवर आला, आठव्या दिवशी तीनवर. शस्त्रक्रिया टळली. ज्यांची टळत नाही त्यांचे उपचार फसले असे मुळीच नाही. वेळेवर केलेली ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. पोटावरची पेनाची खूण पुसट व्हायला बरेच दिवस लागले. झावळ्यांच्या रविवारी मी घरी आलो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचाराल, फादर, दुःख प्रभूला अर्पण करा असे तुम्हीच सांगता ना? सांगतो, आणि पुढेही सांगेन. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये मानवी दुःखावर जे प्रेषितीय पत्र लिहिले त्यात ते शेवटाकडे दयाळू शोमरोनीच्या दाखल्याकडे येतात. दुःखी माणसाला पाहून दुसऱ्याच्या मनातील प्रेम जागे व्हावे, हाही दुःखाचा एक अर्थ आहे. रस्त्यात जखमी पडलेला माणूस अंगावर चादर ओढून 'मी झोपलो आहे' म्हणाला असता तर शोमरोनी तरी काय करणार होता? मी तीन महिने तेच केले. जे टाळता येत नाही ते विश्वासाने सोसणे हा सद्गुण आहे. ज्यावर उपाय आहे ते लाजेपोटी लपवणे सद्गुण नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी उघडून वाचा. आजारपणात प्रार्थना करा आणि वैद्यालाही त्याची जागा द्या, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असा त्याचा सूर आहे.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून हाच आजार होता. २००७ साली त्यांनी राजीनामा जाहीर केला तेव्हा आजाराचे नाव घेतले नाही. अचानक पद सोडले म्हणून त्यांच्यावर खूप टीका झाली. पुढे नव्या औषधाने त्यांना आराम मिळाला आणि २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. ऑगस्ट २०२० मध्ये आजार उलटला तेव्हा मात्र त्यांनी त्याचे नाव घेऊन देशाला सांगितले आणि पद सोडले. माणूस तोच, आजार तोच. दुसऱ्या वेळी लोकांना निदान कारण कळले.

याचा अर्थ प्रत्येकाने आपला आजार चव्हाट्यावर मांडावा असा नाही. डॉक्टरांना पूर्ण सत्य सांगावे. घरातील एका तरी माणसाला पुरेसे सांगावे. गावाला काहीही सांगण्याचे बंधन नाही. मी तुम्हांला सांगतो आहे, कारण तुमच्यापुढे मी उपवासाचे खोटे कौतुक स्वीकारले होते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री आहे. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध ठरलेली होती. वैद्यांवर तिने होते नव्हते ते सारे खर्च केले होते. तिने गर्दीतून, मागून, कुणाला न कळता प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि ती बरी झाली. तिला तसेच निघून जायचे होते. पण प्रभू थांबला आणि कुणी स्पर्श केला ते विचारू लागला. ती थरथरत पुढे आली आणि तिने त्याला सर्व खरे सांगितले. त्यानंतर तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो आणि शांतीने जायला सांगतो. पूर्वी मला वाटे, प्रभूने त्या बिचारीला सर्वांसमोर का बोलते केले? आता वाटते, रक्त थांबले होते, पण बारा वर्षांची लाज तिच्यासोबतच घरी गेली असती.

म्हणून तुम्हांला विनंती करतो. शौचावाटे रक्त पडत असेल, दोन-तीन आठवडे जुलाब थांबत नसतील, पोटासाठी रात्री झोपेतून उठावे लागत असेल, तर मूळव्याध समजून बसू नका. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. ताप, धडधड, चक्कर असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. निदान झालेले असेल तर बरे वाटू लागले म्हणून औषध बंद करू नका. हा आजार शांत होतो, पण पुन्हा उलटू शकतो. मला आजही दर आठ आठवड्यांनी सलाईन घ्यावे लागते. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी त्याच्या धावाधावीची थट्टा करू नये.

आणखी एक. आपल्या आवारातील शौचालयाला मिस्साच्या वेळी कुलूप असते आणि किल्ली कार्यालयात टांगलेली असते. किल्ली मागायला किती धैर्य लागते हे मला आता ठाऊक आहे. या रविवारपासून ते कुलूप निघाले आहे. मागच्या दाराजवळचे शेवटचे बाक ज्यांना मध्येच उठावे लागते त्यांच्यासाठी मोकळे ठेवावे. तिथे बसलेल्या माणसाकडे वळून पाहू नये. आणि ज्या आजींनी माझ्या उपवासाचे कौतुक केले होते, त्यांनी हे वाचले असेल तर मला क्षमा करावी.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू